प्रज्ञाताईंचा झेंडू

बाल्कनीतल्या कुंडीतलं पान पिवळं पडलं की बहरीनमधला मराठी माणूस आधी बायकोवर खापर फोडतो, बायको त्याच्यावर फोडते, आणि मग दोघं मिळून त्या पानाचा फोटो काढून प्रज्ञाताई मेश्रामांना पाठवतात. निदान आमच्या ओळखीच्या घरांत तरी हीच रीत होती. फोटो बहुधा हललेला असे, पानापेक्षा काढणाऱ्याचा अंगठाच जास्त स्पष्ट दिसे आणि खाली लिहिलेलं असे, 'ताई, अर्जंट'. मोगऱ्याचं काय अर्जंट असतं ते मला अजून कळलेलं नाही. ताई मात्र दिवसभराच्या कामाने दमलेल्या असल्या तरी प्रत्येकाला तेच दोन प्रश्न पाठवायच्या. पिवळं पान वरचं की खालचं? आणि पाणी कोणतं घालता?

लोकांना हे प्रश्न आवडत नसत. त्यांना औषधाचं नाव हवं असे. आपल्याकडे डॉक्टरने गोळी न देता नुसतं 'पाणी प्या, आराम करा' म्हटलं तर फी वाया गेल्यासारखी वाटते, तशातला प्रकार. त्यातून ताईंचा आवडता सल्ला म्हणजे 'आठवडाभर काही करू नका'. काही करू नका म्हणजे? खत नको? फवारणी नको? नको. नुसतं बघत बसायचं? हो, नुसतं बघत बसायचं. माणसाला सगळ्यात अवघड काम कोणतं, तर हे, असं त्या म्हणायच्या.

ताई मूळच्या वर्धेकडच्या. अकोल्याला कृषीची पदवी घेतलेली. नवरा सित्र्यातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता, त्याच्यामागून त्या इथे आल्या. पुढे त्याची पाठ कामातून गेली आणि तो आईजवळ गावी परतला. ताई मुलीला घेऊन इथेच राहिल्या, कारण मुलगी तोवर इथल्या शाळेत वरच्या वर्गात पोचली होती. मुलीचं नाव संघमित्रा, हाक मारायची मित्रा. आई मराठीत विचारायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं भांडणसुद्धा असं दोन भाषांत चालायचं आणि त्यात कुणाचंही काही अडायचं नाही.

मी आणि ताई एकाच कंपनीत होतो. मआमीरच्या पुढे, सित्र्याची कारखान्यांची हद्द संपते तिथे आमच्या मालकांची हरितगृहं आहेत. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत असतं आणि आत मोठ्या पंख्यांच्या ओल्या गारव्यात टोमॅटो नि ढोबळी मिरची मातीशिवाय, नारळाच्या भुशात वाढत असते. खत पाण्यात विरघळवून नळीवाटे प्रत्येक झाडाच्या बुडाशी जातं. मी खरेदी खात्यात. म्हणजे नळ्या, पंप, खतं, आणि ज्यांची काहीच गरज नाही अशा वस्तू विकायला येणारे लोक, हे सगळं माझ्याकडे. ताई पिकाच्या डॉक्टर. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव बरंच लांब होतं, पण कामगार त्यांना 'पत्ता मॅडम' म्हणत. पत्ता म्हणजे पान. ते त्यांना आवडायचं.

अंगात पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, त्यावर ओढणी घट्ट बांधलेली, पायात मोठे बूट, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेलं छोटं भिंग. सकाळी आल्या आल्या कुणाशी बोलायच्या नाहीत. आधी एक फेरी. पान उलटून बघायचं, भिंग लावायचं, बोटांनी चुरून वास घ्यायचा, पुढे जायचं. फेरी संपली की पंपाच्या खोलीत पालथ्या क्रेटवर बसून कोरा चहा. तो चहा रफीक करायचा. रफीक हा ढाक्याकडचा, पिकल्या दाढीचा, शांत माणूस. खताच्या टाक्या भरणं हे त्याचं काम. चहा अर्धा झाला की ताईंना कंठ फुटायचा आणि पहिलं वाक्य बहुधा माझ्यासाठी राखून ठेवलेलं असायचं. "साळवीभाऊ, ते टॉनिकवाले परत आले होते म्हणे?"

टॉनिक या शब्दाचा त्यांना विलक्षण राग. कळ्या धरायच्या सुमाराला आमच्याकडे विक्रेत्यांची रीघ लागायची. बाटलीवर फुलाचं असं चित्र की फूल आहे की पैलवान ते कळू नये. फुलं दुप्पट, रंग गडद, झाड खूश. मी एकदा नमुन्याची बाटली घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी मागचं लेबल वाचलं, वाचताना चष्मा कपाळावर सरकवला आणि बाटली मला परत दिली.

"याच्यात काय हाय माहीत हाय का? स्फुरद, पालाश आणि मोलॅसिस. गूळपाणी! आपल्या टाकीत स्फुरद, पालाश हाय. गूळ तुमच्या घरी असंल."

"पण ताई, कळ्यांच्या वेळी झाडाला जास्त भूक असते ना?"

"भूक असते. म्हणून काय कोंबायचं? खालची पानं पिवळी पडू लागली की तुम्ही लोक घाबरता. कळ्या धरल्या का झाड खालच्या पानातलं काढून वर पाठवते. ते पान जाणारच हाय. जाऊ द्या त्याले."

थकल्या की किंवा चिडल्या की त्यांची बोली वर्धेची व्हायची. मीटिंगमध्ये एरवी स्वच्छ इंग्रजी. त्यामुळे साहेब लोकांना त्या शांत वाटायच्या आणि आम्हाला खरं काय ते कळायचं.

एकदा रिफातल्या एका बँकवाल्या गृहस्थांच्या घरी मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो होतो. व्हिला मोठा आणि गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्यांची रांग. सगळ्या मोगऱ्यांची वरची कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या. गृहस्थांनी एका टेबलावर सगळी खतं मांडून ठेवली होती. लोह, मॅग्नेशियम, समुद्री शेवाळाचा अर्क आणि एक बिनलेबलची बाटली, जी पुण्याहून मेहुण्याने आणली होती. रोज आळीपाळीने एक एक घालत होते. ताईंनी कुंडीच्या कडेला साचलेला पांढरा थर नखाने खरवडला.

"पाणी टँकरचं?"

"हो, पण खत उत्तम प्रतीचं वापरतोय मी."

"उत्तमच हाय. पण या पाण्यातल्या क्षाराने मुळापाशी सगळं घट्ट धरून ठेवलं हाय. झाड उपाशी नाही साहेब, त्याला जेवता येत नाही. तुम्ही मात्र ताटावर ताट वाढून राहिले."

मग त्यांनी पाण्याच्या आंबटपणाचा हिशोब समजावून सांगितला. पीएच म्हणजे पाणी आंबट की तुरट-क्षारी हे सांगणारा आकडा. तो चढला की लोह कुंडीत असूनही झाडाला उचलता येत नाही. बादलीभर पाण्यात थोडं लिंबू पिळा, कुंड्या धुऊन काढा, आणि आठवडाभर काही करू नका. गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांनी एवढी खतं जमवली होती आणि इलाज लिंबू निघाला. परत येताना गाडीत ताई म्हणाल्या, "लोकांले वाटते आपण प्रेम केलं का झालं."

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या बायकोने, नीताने, त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. तिथे एका बाईंनी त्यांना गोड आवाजात विचारलं, "मेश्राम म्हणजे तुम्ही नेमके कोणातले?" खोलीत एक क्षण सगळ्यांच्याच हातातल्या वाट्या थांबल्या. ताईंनी तिळगूळ संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "आम्ही खतपाणी खात्यातले." दोघीतिघी हसल्या, त्या बाई हसल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात त्याच बाईंच्या तुळशीचा फोटो ताईंना आला. ताईंनी उत्तर दिलं. वरचं की खालचं?

झेंडूची कल्पना मालकांची. मालक म्हणजे अबू खालिद, सत्तरीचे, पांढऱ्या पायघोळ अरबी थोबमध्ये टोमॅटोच्या रांगांतून हिंडणारे, आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलणारे. त्यांना कुणीतरी सांगितलं की दसऱ्याला आणि दिवाळीला इथली हिंदी माणसं झेंडूसाठी वेडी होतात आणि तो सगळा झेंडू विमानाने येतो. झालं. यंदा झेंडू आपण पिकवायचा. ताईंनी सांगितलं, उन्हाळ्यात गारव्याचा खर्च फार येईल. अबू खालिद म्हणाले, "माम, तुम करेगा तो होगा. इंशाल्ला."

यात ताईंचं काय गुंतलं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा व्हिसा डिसेंबरात संपत होता आणि अबू खालिद कामं कमी करत चालले होते. झेंडू दसऱ्याला उभा राहिला तर फुलांचा विभाग चालू राहणार, ताईंचा व्हिसा पुढे वाढणार. नाही तर नाही. मित्रा तेव्हा नुकतीच बारावीत गेली होती. वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गावी गेली असती, तर तिथलं बोर्ड वेगळं, भाषा वेगळी, वर्ष गेलंच म्हणायचं. "मले फक्त हिची बारावी पायजे," ताई मला एकदा क्रेटवर बसल्या बसल्या म्हणाल्या. "पुढचं मी काहीच मागत नाही." दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी दोन धीराचे शब्द बोललो असतो. त्यांच्यासमोर तसलं काही बोलवत नसे.

झेंडू सुरेख वाढला. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी शुद्ध करणारं मोठं आरओ यंत्र बसलं. तोवर आम्ही टँकरचं पाणी वापरायचो. ते इतकं क्षारी की त्यात रोज ॲसिड घालूनच ते झाडाला द्यावं लागे. रोज किती, तर ताईंनी ठरवून दिलेला एक प्लास्टिकचा मग भरून. वर्षानुवर्षं तोच मग, कारण वर्षानुवर्षं तेच पाणी. ताईंचं याबाबतीत एक वाक्य ठरलेलं होतं, आम्ही सगळे ते एकमेकांना ऐकवायचो. "बहरीनमध्ये पीएच मोजायचा नसतो, खाली आणायचा असतो." रफीक तर ते त्याच्या हिंदीत नव्या कामगारांना शिकवायचा.

यंत्र बसायच्या वेळी ताई गावी होत्या. सासूबाई आजारी होत्या म्हणून रजा काढली होती. जाण्याआधी ठरलं होतं की टाकीत अर्धं पाणी यंत्राचं आणि अर्धं टँकरचं घ्यायचं, कारण नुसतं यंत्राचं पाणी म्हणजे क्षार काढून टाकलेलं, रिकामं पाणी. ठरलेलं प्लंबरपर्यंत पोचलं नाही. त्याने सगळं पाणी यंत्राचंच जोडलं आणि निघून गेला. टाकीत पाणी येतंय म्हटल्यावर कुणी वर चढून नळी बघितली नाही.

ताई परत आल्या तेव्हा झेंडूला कळ्या धरत होत्या आणि खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले होते, चहाची पूड भुरभुरल्यासारखे. पानांच्या कडा वाळून आत वळल्या होत्या. त्यांनी पान उलटलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. मी बुरशीचं औषध मागवू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बुरशी नाही. खालचं पान हाय, कडा जळून राहिल्या. पालाश कमी पडला. कळ्या मागून राहिल्या." खत वाढवायला सांगितलं, सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही वाढवलं, ज्यात लोह असतं. त्या दिवशी त्या प्रवासाच्या शिणाने अगदी गळून गेल्या होत्या, मला ते दिसत होतं. पण त्या थकलेल्या असल्या तरी चुकत नसत, हीही आमची सवय होऊन बसली होती.

आठवडा गेला, ठिपके वाढले. वरच्या पानांवर चढले. कळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, फुगेनात. अबू खालिद रोज येऊन हात मागे बांधून बघायचे आणि निघून जायचे. ताई दिवसातून तीनदा फेरी मारू लागल्या. फोनवर कुणाच्या कढीपत्त्याचा फोटो आला तरी त्या उघडत नव्हत्या. एकदा मित्रा शाळेतून परस्पर इकडे आली, आईला डबा दिला, आईने तो बाजूला ठेवला. "आई, ईट समथिंग," ती म्हणाली. आई म्हणाली, "हाव, खाते," आणि परत रांगेत शिरली.

गोष्ट उघडकीला आली ती किटलीमुळे. सकाळचा चहा होत होता. रफीकची किटली म्हणजे आतून पांढऱ्या थराने भरलेली, दर महिन्याला व्हिनेगर घालून घासावी लागणारी. ताईंनी सहज झाकण उचललं, तर आतलं स्टील चमकत होतं.

"रफीक, आज घिसा क्या?"

"नहीं मॅडम. अभी घिसना नहीं पडता. नया मशीन का पानी, बहुत अच्छा पानी."

"इसमें? चाय में?"

"सब में मॅडम. टंकी में भी वही."

ताई उठल्या नाहीत. हातात किटलीचं झाकण धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "और ॲसिड? ॲसिड कितना डालता है तू?"

"एक मग. आप बोला था ना."

कपाटातून मीटर काढलं तेव्हा त्याच्यावर धूळ होती. टाकीतलं पाणी मोजलं आणि आकडा इतका खाली बघून त्यांनी मीटर धुऊन पुन्हा मोजलं. ज्या पाण्यात आंबटपणा पेलणारं काहीच उरलं नव्हतं, त्यात आम्ही रोज तेवढंच ॲसिड ओतत होतो. इतक्या आंबट पाण्यात उलटं होतं, लोह घट्ट धरून ठेवलेलं न राहता झाडात नको इतकं शिरतं. झेंडूला तर ते मुळीच सोसत नाही. वर ताईंनी स्वतःच लोह वाढवलं होतं. झाड उपाशी नव्हतं. त्याला विषबाधा झाली होती, आणि डॉक्टरने जेवण वाढवलं होतं.

मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी रडताना पाहिलं नाही, तेव्हाही नाही. त्या फक्त म्हणाल्या, "साऱ्या बहरीनले विचारत फिरली, पाणी कोणतं घालता म्हणून." आणि मीटर रुमालाने पुसायला लागल्या.

दुपारी अबू खालिदांच्या केबिनमध्ये मला आणि ताईंना बोलावणं आलं. रफीक दाराशी उभा होता, टोपी हातात. अबू खालिदांनी कुणाकडून तरी अर्धीमुर्धी हकीकत ऐकली होती आणि त्यातून त्यांना जे कळलं ते सोपं होतं. ॲसिड रफीकने ओतलं.

"ये आदमी खलास," ते म्हणाले. "तिकीट दो, घर भेजो."

मला वाटतं, त्या वेळी ताई गप्प राहिल्या असत्या तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. प्लंबर होता, रफीक होता, रजा होती. दोष वाटून द्यायला माणसं भरपूर होती. आणि त्यांना गप्प राहायचं कारणही होतं, ते त्या वेळी शाळेत बसलेलं होतं.

"बाबा," ताई म्हणाल्या. अबू खालिदांना त्या बाबा म्हणत. "एक मग ॲसिड मैंने बोला था. मोजना मेरा काम था. मैंने मोजा नहीं. रफीक ने जो बोला वो किया."

"क्यों नहीं मोजा, माम?"

"क्योंकि मुझे लगा मुझे मालूम है."

अबू खालिद खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी रफीकला हाताने जायची खूण केली. मग म्हणाले, "माम, तुम सच बोला. झैन, अच्छा. लेकिन फूल मफी, फूल नहीं, तो मैं क्या करे?"

"फूल आएगा. दसरा को नहीं आएगा, बाद में आएगा."

"इंशाल्ला," अबू खालिद म्हणाले. इथे राहिलेल्या माणसाला इंशाल्लाचे निरनिराळे आवाज ओळखू येतात. हा आवाज ओळखून मी खाली बघितलं.

त्यानंतर ताईंनी झाडांना एखाद्या रुग्णासारखं जपलं. ॲसिड बंद. लोह बंद. टँकरचं पाणी परत आणून मिसळलं, दिवसभर झाडांची मुळं धुऊन काढली. पहिल्या काही दिवसांत काहीच फरक दिसेना, तेव्हा मी म्हटलं, "ताई, ठिपके तसेच आहेत." तर म्हणाल्या, "ठिपके पुसले जात नसतात भाऊ. नवीन पान कसं येते ते पाह्यचं." नवीन पान स्वच्छ आलं. कळ्याही हळूहळू फुगू लागल्या. पण दसरा काही थांबायला तयार नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या हरितगृहात कडेची काही झाडं तेवढी उमललेली होती. विमानाचा झेंडू नेहमीसारखा बाजारात आला होता आणि लोकांनी नेहमीसारखा घेतला होता. ताईंनी अबू खालिदांना विचारून उमललेली फुलं खुडली. दसऱ्याच्या दिवशी ताईंची माणसं एका हॉलमध्ये जमतात, वंदना घेतात, त्या दिवसाचं त्यांचं महत्त्व वेगळं आहे. मला वाटलं, सगळी फुलं तिकडे जातील. त्यांनी क्रेटवर बसून फुलांचे दोन वाटे केले. स्वच्छ, टपोरी फुलं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "नीताले द्या. दाराले तोरण लावते ती." उरलेली, देठाशी ठिपकेवाली पानं असलेली, त्यांनी ओढणीत घेतली.

मी म्हटलं, "ताई, चांगली तुम्ही ठेवा. देवापुढे…" आणि शब्द चुकला म्हणून थांबलो.

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "बुद्धाले ठिपक्यांचं काही नाही भाऊ."

बाकीचा झेंडू दसऱ्यानंतर असा फुलला की विचारू नका. दिवाळीला पुष्कळसा खपलाही. पण अबू खालिदांचं मन फुलांवरून उडालं होतं. झेंडू उपटून त्या जागी लेट्यूस लावायचं ठरलं, आणि लेट्यूसला वेगळ्या डॉक्टरची गरज नाही, असंही ठरलं. ताईंचा व्हिसा वाढला नाही. निरोपाच्या वेळी अबू खालिदांनी त्यांना खजुराचा मोठा डबा दिला आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे उभे राहिले. ज्यांचे मोगरे, तुळशी, कढीपत्ते वाचले होते, त्या सगळ्यांना कुठे काम असेल तर सांगा म्हणून नीताने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पाठवला. हात जोडल्याची चित्रं पुष्कळ आली. मला त्या चित्रांची अशी चीड आली की मी तो ग्रुप सोडला.

काम शेवटी मिळालं ते सित्र्यातल्या एका प्रयोगशाळेत. कारखान्यांच्या थंड करायच्या पाण्याचे नमुने तपासायचे, पाळीत काम. पद लहान, पण व्हिसा होता. फोनवर मी विचारलं, काम कसं आहे. "झाड नाही, पान नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी. दिवसभर मोजून रायली." त्यांना त्यातली गंमत कळत होती की नाही, ते आवाजावरून मला कळलं नाही. पानांचे फोटो लोक अजून पाठवतात का, असं विचारलं तर म्हणाल्या, पाठवतात, पण आता मी उत्तर देत नाही, बोटं दुखतात.

रफीक आमच्याकडेच आहे. रोज सकाळी आधी मीटर टाकीत बुडवतो, आकडा येईस्तोवर श्वास धरून उभा राहतो आणि मगच बाकीच्या कामाला हात लावतो. अधूनमधून विचारतो, "पत्ता मॅडम ठीक है?" मी म्हणतो, ठीक है.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळा सुरू झाल्यावर. पंपाचा एक भाग आणायला सित्र्याला गेलो होतो. पाळी सुटली होती, एका फाटकाशी कंपनीची बस उभी होती आणि निळ्या गणवेशातली माणसं तिच्यात चढत होती. खिडकीशी एक बाई बसलेली दिसली, सगळ्या बसमध्ये ती एकटीच बाई. गणवेशात मी त्यांना आधी ओळखलंच नाही. गळ्यात भिंगाऐवजी ओळखपत्र लोंबत होतं. वाळल्या होत्या. मी गाडी कडेला लावून धावत गेलो आणि काचेवर टकटक केली. त्यांनी काच सरकवली.

"साळवीभाऊ! इकडं कुठं वो?"

"पंपाचं काम होतं. ताई, मित्राचं काय झालं?"

"झाली," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं असावं की मला नीट कळलं नाही. "बारावी झाली तिची. चांगली झाली. पास झाली भाऊ."

अभिनंदन म्हणालो, मग पेढे कधी म्हणालो, जे लोक म्हणतात ते सगळं म्हणालो. आता पुढे काय, असंही विचारलं. गावी जाणार की इथेच, मित्रा काय शिकणार, तुम्ही झाडांकडे परत कधी येणार. ड्रायव्हरने बस सुरू केली.

ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. खरोखर विचार केल्यासारखं केलं.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता मी घरापर्यंत झोपते. सरका बाप्पा, गाडी निघाली."

त्यांनी काच ओढून घेतली आणि ओढणी डोळ्यांवरून घेतली. बस फाटकातून वळली तेव्हा त्यांचं डोकं काचेवर आपटलं, पण त्यांना जाग आली नाही.